पस्तीस वर्षांची उमेदवारी

१८१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री घोड्यावर बसून मेरीलँडच्या रानवाटांनी ब्रिटिश फौजेचा माग काढत हिंडत होता. वय छप्पन्न, सोबत मूठभर घोडेस्वार. टेहळणी हे खरं तर एखाद्या कॅप्टनचं काम. पण युद्धखात्याचा मंत्री जॉन आर्मस्ट्राँग याची ठाम समजूत होती की शत्रूला हवंय ते बाल्टिमोर, वॉशिंग्टनसारख्या अर्धवट वसलेल्या गावाकडे तो कशाला फिरकेल! या समजुतीवर तो स्वस्थ बसून राहिला आणि तिकडे पॅटक्संट नदीकाठी बेनेडिक्ट गावाजवळ ब्रिटिश सैन्य उतरलंसुद्धा. शेवटी जेम्स मन्रोने राष्ट्राध्यक्ष मॅडिसनची परवानगी घेतली आणि स्वतःच निघाला. २२ ऑगस्टला त्याने निरोप धाडला: शत्रू वॉशिंग्टनच्या रोखाने निघालाय, पूल पाडायची तयारी ठेवा, सरकारी दप्तर हलवा.

मन्रोच्या खात्यातला स्टीफन प्लेझंटन नावाचा कारकून हुशार निघाला. त्याने जाडभरडं कापड आणवून पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यांत कागद भरायला सुरुवात केली. त्यात स्वातंत्र्याचा मूळ जाहीरनामाही होता. आर्मस्ट्राँग तिथून जाताना त्याला म्हणाला, की उगाच घाबरवून सोडताय लोकांना. प्लेझंटनने ऐकून घेतलं आणि पिशव्या गाड्यांवर चढवल्या. आधी पोटोमॅकपलीकडची एक गिरणी, मग पुढे लीसबर्ग. २४ तारखेला ब्लेडन्सबर्गच्या लढाईत अमेरिकन मिलिशियाची दाणादाण उडाली आणि त्याच रात्री कॅपिटॉल आणि राष्ट्राध्यक्षांचं घर जळालं.

या लढाईत मन्रोने एक घोळही घातला. मैदानावर पोचल्यावर त्याने दुसऱ्या फळीतल्या तुकड्या, तिथल्या अधिकाऱ्यांना न विचारता, इतक्या मागे नेऊन उभ्या केल्या की पुढच्यांना त्यांचा आधारच उरला नाही. अर्थात लढाई हरायला तेवढं एकच कारण नव्हतं. सेनापती विंडर गोंधळलेला होता आणि मिलिशियाला कवायत ठाऊक नव्हती. पण हौसेने दुसऱ्याच्या कामात हात घालणारा मन्रो आणि सगळ्यांच्या आधी धोका ओळखणारा मन्रो, हे दोघे त्या आठवड्यात एकाच घोड्यावर होते. आर्मस्ट्राँगला जावं लागलं. परराष्ट्राबरोबर युद्धखातंही मन्रोच्या गळ्यात पडलं. अडीच वर्षांनी, ४ मार्च १८१७ ला, तो देशाचा पाचवा राष्ट्राध्यक्ष झाला.

अमेरिकेच्या पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांत मन्रो सर्वांत कमी चमकदार. जेफरसनसारखी लेखणी नाही, मॅडिसनसारखी बुद्धी नाही, वॉशिंग्टनसारखा दरारा तर नाहीच. समकालीनांनी त्याला मंद म्हटलं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र सहसा कोणी शंका घेतली नाही. आणि तरी कारभाराच्या पायऱ्या त्याच्याइतक्या खालपासून कोणी चढलं नव्हतं. अठराव्या वर्षी ट्रेंटनच्या लढाईत खांद्यात गोळी, जी शरीरात कायमची राहिली. १७८२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेत. मग काँग्रेस, सिनेट, पॅरिस, गव्हर्नरपद, पुन्हा पॅरिस, लंडन, माद्रिदची एक फुकट खेप, पुन्हा गव्हर्नर, आणि मग मंत्रिपद. या यादीपेक्षा मला तिच्यातला एक धागा महत्त्वाचा वाटतो. यांतल्या बहुतेक जागांवर मन्रो हुकूम घेणाऱ्याच्या बाजूला होता, आणि तिथे त्याने मार खाल्ला होता. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच्या ज्या गोष्टी यशस्वी झाल्या, त्यांची मुळं बहुतेक याच खाल्लेल्या मारात सापडतात.

पॅरिसपासूनच पाहू. १७९४ च्या ऑगस्टमध्ये तो अमेरिकेचा राजदूत म्हणून तिथे पोचला तेव्हा रोब्सपिएरचं मुंडकं उडून काही दिवसच झाले होते. नव्या राजदूताचं स्वागत कोणी करायचं, हेच तिथल्या समित्यांना कळेना. मन्रोने सरळ नॅशनल कन्व्हेन्शनच्या अध्यक्षांनाच पत्र लिहिलं. त्याला भर सभागृहात बोलावलं गेलं, अध्यक्षांनी मिठी मारली, टाळ्या पडल्या. मन्रो खूश होता, पण तेव्हा फिलाडेल्फियात असलेलं अमेरिकन सरकार नाही. राजदूताने इतकं जाहीर प्रेम दाखवायचं नसतं, अशी तंबी समुद्र ओलांडून आली.

त्याची बायको एलिझाबेथ हिच्यामार्फत मात्र त्याने धोरणीपणा दाखवला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सरदार लाफायेत याची पत्नी तुरुंगात होती. तिच्या आजीला, आईला आणि बहिणीला गिलोटिनवर चढवलं होतं. मन्रोने सरकारदरबारी अर्जविनंत्या करत बसण्याऐवजी घोडागाडी सजवली. त्या दिवसांत पॅरिसमध्ये अशी गाडी दिसणंच दुर्मीळ होतं. तुरुंगाच्या दाराशी गाडी थांबताच गर्दी जमली, बातमी पसरली की अमेरिकन राजदूताची पत्नी मादाम लाफायेतला भेटायला आली आहे. एक शब्दही अधिकृतपणे न बोलता जे सांगायचं ते सांगून झालं. १७९५ च्या जानेवारीत मादाम सुटली. क्रांतिकारक लेखक टॉमस पेनलाही मन्रोने तुरुंगातून सोडवून स्वतःच्या घरी आणून ठेवलं. हा आजारी, तापट पाहुणा तिथे राहून वॉशिंग्टनच्या नावाने बोटं मोडायचा, आणि यजमान त्याच वॉशिंग्टनचा राजदूत! मन्रोला ते फार अडचणीचं होत असणार.

खरा घाव वेगळाच होता. त्याच सुमारास जॉन जे अमेरिकेच्या वतीने लंडनमध्ये ब्रिटनशी वाटाघाटी करत होता. मन्रोला सांगण्यात आलं होतं की जेचं काम जुन्या तक्रारींपुरतं आहे, व्यापारी तहाचा त्यात संबंध नाही. त्याने फ्रेंचांना त्याच शब्दांत भरवसा दिला. मग नोव्हेंबर १७९४ मध्ये जेने तह केला, त्यात व्यापाराची कलमं होती, आणि त्याचा मजकूर मन्रोला दाखवायलाही तो राजी होईना. दाखवलाच तर गुप्त ठेवायच्या अटीवर. म्हणजे फ्रेंचांसमोर मन्रो एक तर खोटारडा ठरणार किंवा मूर्ख. त्याची समजूत झाली की आपल्याच सरकारने आपल्याला प्यादं म्हणून वापरलं. १७९६ मध्ये वॉशिंग्टनने त्याला परत बोलावलं. घरी येऊन मन्रोने चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ छापून सरकारच्या वागण्याचा पंचनामा केला. वॉशिंग्टनने तो वाचला आणि समासात जळजळीत शेरे मारले. दोघांचे संबंध कायमचे तुटले.

यानंतर व्हर्जिनियाचं गव्हर्नरपद आलं, १७९९ ते १८०२. नाव मोठं, हात बांधलेले. राजाच्या गव्हर्नरांना विटलेल्या व्हर्जिनियाने १७७६ च्या घटनेत हे पद मुद्दाम दुबळं ठेवलं होतं: विधिमंडळाने दरसाल निवडायचं, आणि प्रत्येक महत्त्वाच्या बाबीत सल्लागार मंडळाला विचारायचं. अशा खुर्चीवर बसून काम करायचं तर चार माणसांना बरोबर घेऊन जाणं आणि त्यांचं मत कागदावर घेणं अंगवळणी पाडावं लागतं. मन्रोने ते पाडून घेतलं.

आणि याच काळात, १८०० च्या ऑगस्टअखेरीस, रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने उठावाचा बेत केला. राजधानीवर चालून जायचं, गव्हर्नरला ओलीस धरायचं. ज्या रात्री उठायचं त्याच रात्री वादळी पावसाने ओढे-पूल बुडवले, आणि दोन गुलामांनी मालकाला बातमी दिली. मन्रोने मिलिशिया बोलावली. खटले झाले, फाशी सुरू झाली. मग सप्टेंबरमध्ये या गव्हर्नरने जेफरसनला पत्र लिहून विचारलं, की हात कुठे आखडता घ्यायचा. जेफरसनचं मत पडलं की फाशी पुरेशा झाल्या. तरी अखेरीस गेब्रिएलसह पंचवीसहून अधिक माणसं मेली. मन्रो स्वतः गुलामांचा मालक होता. गुलामगिरी वाईट आहे हे तो बोलत असे, आणि तिला हात लावण्याची भीती त्याला जन्मभर राहिली. अनुभव माणसाला शहाणपणच शिकवतो असं समजणाऱ्यांनी रिचमंडचा हा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवावा.

१८०३ मध्ये जेफरसनने त्याला पुन्हा पॅरिसला धाडलं. मिसिसिपीच्या मुखावरचं न्यू ऑर्लिन्स आणि जमल्यास फ्लोरिडा विकत घ्यायचं होतं. रकमेची मर्यादा साधारण एक कोटी डॉलर. जायला पैसे नव्हते म्हणून मन्रोने घरातली चांदी आणि चिनी मातीची भांडी मॅडिसनला विकली. तो पॅरिसला पोचला १२ एप्रिलला. त्याच्या आदल्याच दिवशी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां याने तिथला अमेरिकन राजदूत लिव्हिंग्स्टन याला सहज विचारावं तसं विचारलं होतं, की सगळा लुइझियाना घेतला तर काय द्याल? दोघांच्या खिशात यासाठी कसलाही अधिकार नव्हता. वॉशिंग्टनला पत्र जाऊन उत्तर यायला काही महिने गेले असते, आणि नेपोलियनचं मन महिनाभर एका जागी राहील याची खात्री कोण देणार? त्यांनी मर्यादा ओलांडली. ३० एप्रिलच्या तारखेचा करार झाला, दीड कोटी डॉलर, आणि देशाचा आकार जवळपास दुप्पट. मन्रोच्या आयुष्यात हुकमाबाहेर गेल्याबद्दल शाबासकी मिळाली ती ही एकदाच.

पुढच्याच खेपेला उलट घडलं. ३१ डिसेंबर १८०६ ला लंडनमध्ये त्याने विल्यम पिंकनीबरोबर ब्रिटनशी तह केला. अमेरिकन जहाजांवरचे खलाशी जबरदस्तीने उचलून नेणं ब्रिटिश आरमाराने थांबवावं, ही मुख्य मागणी त्यात बसली नव्हती. जेफरसनने तो तह सिनेटपुढे ठेवलाच नाही. मन्रो इतका दुखावला की १८०८ मध्ये त्याने मॅडिसनविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतःचं नाव पुढे येऊ दिलं. हरला. जुने मित्र दोन-तीन वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते. १८११ मध्ये मॅडिसनला अनुभवी माणसाची निकड लागली आणि त्याने मन्रोला परराष्ट्रखातं दिलं, तेव्हा कुठे समेट झाला.

आता १८१७ मधलं मंत्रिमंडळ पाहा. परराष्ट्रखातं जॉन क्विन्सी ॲडम्सकडे: विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, न्यू इंग्लंडचा, फटकळ. व्हर्जिनियाचेच लोक एकामागून एक राष्ट्राध्यक्ष होतात ही उत्तरेची तक्रार होती आणि परराष्ट्रमंत्रिपद ही त्या गादीची पायरी मानली जाई. मन्रोने ती पायरी मुद्दाम उत्तरेला दिली. अर्थखातं विल्यम क्रॉफर्डकडे, ज्याला पक्षाच्या बैठकीत मन्रोने ६५ विरुद्ध ५४ असं थोडक्यात हरवलं होतं. युद्धखातं, दोन-तीन जणांनी नकार दिल्यावर, पस्तिशीतल्या जॉन कॅल्हूनकडे. तिघेही स्वतःला पुढचा राष्ट्राध्यक्ष समजत. या तिघांना एका टेबलाभोवती बसवून आठ वर्षं कारभार हाकणं हे तेजस्वी माणसाचं काम नव्हतं. त्याला सगळ्यांचं ऐकून घेणारा, बैठक लांबली तरी न कंटाळणारा माणूसच लागतो. व्हर्जिनियाच्या सल्लागार मंडळाने तो आधीच तयार करून ठेवला होता. या बैठकांचं बारीकसारीक वर्णन ॲडम्सच्या रोजनिशीत आहे. त्यात मन्रो निर्णयाला वेळ लावणारा दिसतो, पण निर्णय बहुतेक वेळा त्याचाच असतो. ॲडम्स खलिते लिहून आणायचा आणि मन्रो ओळन् ओळ तपासायचा. परदेशातल्या माणसाच्या हाती कोणता कागद पडतो आणि त्याला काय सांगायचं राहून जातं, हे त्याने स्वतःच्या अंगावर काढलं होतं.

सत्तेवर आल्याबरोबर त्याने उत्तरेचा लांबलचक दौरा काढला. निमित्त किल्ल्यांच्या पाहणीचं. जुन्या क्रांतिकाळच्या पद्धतीचे कपडे घातलेला हा उंच म्हातारा गावोगाव फिरला, आणि ज्या बॉस्टनने युद्धाला कडाडून विरोध केला होता तिथेही मिरवणुका निघाल्या. तिथल्या एका फेडरलिस्ट वर्तमानपत्राने या दिवसांना सद्भावनेचं युग म्हटलं. ते नाव इतिहासाच्या पुस्तकांत कायमचं चिकटलं, मंत्रिमंडळातली सद्भावना मात्र तेवढी नव्हती.

किल्ल्यांचं निमित्त खोटं नव्हतं. राजधानी जळताना पाहिलेला माणूस किनाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. मॅडिसनच्या शेवटच्या वर्षातच नेपोलियनचा एक इंजिनियर, सिमोन बेर्नार, किनारी तटबंदीच्या मंडळावर नेमला गेला होता. मन्रोने ती योजना नेटाने पुढे रेटली. १८१९ मध्ये चेसापीक उपसागराच्या तोंडाशी ओल्ड पॉइंट कम्फर्टला खंदकाने वेढलेला प्रचंड दगडी किल्ला उभा राहू लागला. १८१४ ची ब्रिटिश जहाजं याच तोंडातून आत आली होती. १८१९ मध्येच मंदी आली, पुढे काँग्रेसने खर्चाला कात्री लावली, सैन्य घटवलं. मन्रो किल्ल्यांसाठी भांडत राहिला. या किल्ल्याला त्याचंच नाव मिळालं: फोर्ट मन्रो. यादवी युद्धात १८६१ च्या मे महिन्यात तीन गुलाम पळून तिथे आले, आणि किल्ल्याच्या सेनापतीने त्यांना मालकाकडे परत पाठवायला नकार दिला. गेब्रिएलच्या काळचा गव्हर्नर मन्रो या बातमीने हबकला असता.

१८१८ मध्ये जनरल अँड्र्यू जॅक्सनने परीक्षा पाहिली. सेमिनोल टोळ्यांचा पाठलाग करताना तो स्पेनच्या फ्लोरिडात घुसला, सेंट मार्क्स आणि पेन्साकोला घेतलं, वर दोन ब्रिटिश माणसांना मृत्युदंड दिला. मंत्रिमंडळ खवळलं, कॅल्हूनला चौकशी हवी होती. एकटा ॲडम्स जॅक्सनच्या बाजूने. मन्रोने ठाणी स्पेनला परत केली आणि जॅक्सनला शिक्षा केली नाही. त्याला एक लांब पत्र लिहिलं, ज्यात अहवालातले काही शब्द सौम्य करून घ्यावेत असंही सुचवलं. हे धूर्तपणाचं होतं यात शंका नाही. जॅक्सनने जानेवारीतच फ्लोरिडा साठ दिवसांत घेऊन देतो असं कळवलं होतं, आणि मी आजारी असल्याने ते पत्र तेव्हा वाचलंच नाही, असं मन्रो पुढे सांगत राहिला. ज्याला पटेल त्याने विश्वास ठेवावा. पण हुकमाबाहेर गेलेल्या माणसाला उघड्यावर टाकायचं नाही आणि त्याने केलेल्याचा फायदाही सोडायचा नाही, हा हिशेब १८०३ च्या पॅरिसमध्ये स्वतः त्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे, असं मला वाटतं. फेब्रुवारी १८१९ मध्ये स्पेनने तहावर सही केली आणि फ्लोरिडा सोडला.

मिझुरीच्या प्रश्नात त्याची दुसरी बाजू दिसली. नव्या राज्यात गुलामगिरी असावी की नसावी यावर काँग्रेस फाटायची वेळ आली तेव्हा राष्ट्राध्यक्षाने लोकांसमोर तोंड उघडलं नाही. पडद्याआड हालचाली केल्या आणि ३ मार्च १८२० ला मंत्र्यांकडून घटनात्मक मुद्द्यांवर लेखी मतं मागितली. तीन दिवसांनी तडजोडीच्या विधेयकावर सही केली. लेखी मत घेण्याची ही व्हर्जिनियाची सवय इथे ढाल म्हणून वापरली गेली. प्रश्न तसाच राहिला. मुक्त केलेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेत पाठवावं या योजनेला मात्र त्याचा मनापासून पाठिंबा होता. लायबेरियाच्या राजधानीला मन्रोव्हिया हे नाव त्यातूनच पडलं. त्याच १८२० मध्ये तो २३२ पैकी २३१ मतांनी पुन्हा निवडून आला.

आणि मग १८२३. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅनिंग याने प्रस्ताव मांडला: स्पेनच्या हातून सुटलेल्या दक्षिण अमेरिकेत युरोपातल्या इतर सत्तांनी ढवळाढवळ करू नये, असं आपण दोघे मिळून जाहीर करू. मन्रोने ऑक्टोबरमध्ये जेफरसन आणि मॅडिसन दोघांनाही विचारलं. दोघेही म्हणाले, स्वीकारा. बैठकीत ॲडम्स अडून बसला, की ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे होडीसारखं कशाला जायचं, आपलं आपण सांगू. हे श्रेय ॲडम्सला द्यायची रीत आहे आणि ती बरीचशी रास्त आहे. पण ॲडम्सच्या मनात होते ते राजदूतांमार्फत द्यायचे खलिते. काँग्रेसला दिल्या जाणाऱ्या वार्षिक संदेशात, साऱ्या जगाला ऐकू जाईल असं हे सांगायचं, ही कल्पना मन्रोची. पहिल्या मसुद्यात त्याने फ्रान्सलाही झोडपलं होतं आणि ग्रीक स्वातंत्र्यालाही हात घातला होता. १७९४ चा पॅरिसमधला मन्रो अजून कुठेतरी जिवंत होता. ॲडम्सने तो भाग मवाळ करून घेतला, आणि मन्रोने करू दिला. २ डिसेंबर १८२३ चा तो संदेश म्हणजे पुढे ज्याला मन्रो सिद्धांत म्हणू लागले तो. त्या वेळी त्यामागे आरमार होतं ते ब्रिटनचंच. मन्रोला ते ठाऊक होतं. पण लंडनशी गुप्तपणे काही ठरवून मग दुसऱ्या दरबारात आपल्या राजदूताला तोंडघशी पाडण्याचा प्रकार त्याने या वेळी होऊ दिला नाही.

शेवटचे महिने कटकटीचे गेले. नेमणुकांवरून वाद होऊन क्रॉफर्डने राष्ट्राध्यक्षांवर काठी उगारली आणि मन्रोने शेकोटीचा चिमटा उचलला, असा एक प्रसंग ॲडम्सच्या रोजनिशीत ऐकीव म्हणून नोंदलेला आहे. १८२५ मध्ये ॲडम्स स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. परदेशातल्या कामाचा त्याचा अनुभव मन्रोपेक्षाही मोठा, विद्वत्ता कितीतरी जास्त. पण चार माणसांना सांभाळून न्यायची कला त्याला कोणत्याच वकिलातीत शिकायला मिळाली नव्हती, आणि चार वर्षांत जॅक्सनने त्याला घरी बसवलं.

मन्रो कर्जात बुडाला होता. जेफरसनच्या मॉन्टिसेलोजवळची आपली जमीन त्याने विकली आणि पॅरिस-लंडनच्या खेपांत खिशातून गेलेल्या पैशांसाठी काँग्रेसकडे अर्ज, हिशेब, दाखले पाठवत राहिला. त्यातली काही येणी तीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वीची होती. काँग्रेसने एकदा अर्धवट रक्कम दिली, आणि दुसऱ्यांदा, १८३१ मध्ये, तीस हजार डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी ४ जुलैला तो न्यूयॉर्कमध्ये मुलीच्या घरी वारला.